रात्री अकराची रांग

सोलापुरात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "संवादाच्या तंत्रज्ञानातले नवे शोध माणसाच्या गरजेतून लागतात असं आमच्या पुस्तकात आहे. मला तर उलटंच दिसतं. आधी कंपनी काहीतरी बाजारात आणते, मग हळूहळू ते आपल्याला गरजेचं वाटायला लागतं. खरं काय समजायचं? आणि प्रोजेक्टसाठी आपल्या भागातली काही उदाहरणं सांगता येतील का?"

तुझी शंका रास्त आहे आणि पुस्तकातलं वाक्यही खोटं नाही. घोळ आहे तो 'गरज' या शब्दात. माणसाला बोलायची गरज असते, एवढंच म्हटलं तर काही सांगितल्यासारखं होत नाही. ती गरज कायमचीच आहे. यंत्र घडतं ते त्या बोलण्याच्या आड काय येतं त्यावरून. पैसे पुरत नाहीत, वेळ जुळत नाही, लिहिता येत नाही, मागाच्या खडखडाटात ऐकू येत नाही, मधला माणूस सगळं ऐकतो, समोरचा नेमका कुठे आहे हेच ठाऊक नाही. अशी अडचण आली की माणूस अर्ज करत बसत नाही. हातात जे साधन आहे ते वाकवून तो आपलं काम भागवतो. त्या आडवाटेवर गर्दी वाढली की मग कुणीतरी तिथे पक्का रस्ता बांधतो. मी 1985 साली टेलिफोन खात्यात टेक्निशियन म्हणून लागलो आणि चौतीस वर्षं सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांत काढली. या काळात जे जे टिकलं, ते आधी लोकांनी आडवाटेने करून दाखवलेलं होतं.

अशोक चौकाच्या अलीकडे एक पीसीओ होता, म्हणजे पैसे देऊन फोन करायची जागा. लाकडी खोपटं, आत फोन, वर लाल आकड्यांचा मीटर. दिवसभर तिथे चिटपाखरू नसायचं आणि रात्री पावणेअकराला रांग लागायची. कारण 11 नंतर एसटीडीचा, म्हणजे बाहेरगावच्या फोनचा, दर पावपट व्हायचा. खात्याने हा दर कुणावर मेहेरबानी म्हणून ठेवलेला नव्हता. लाइनी आणि एक्स्चेंज (एक फोन दुसऱ्याला जोडून देणारी केंद्रं) दिवसाच्या व्यापारी गर्दीच्या मापाने उभारलेले असतात, रात्री ती सगळी यंत्रणा मोकळी पडून राहते, म्हणून दर उतरवून गर्दी तिकडे वळवायची. रांगेत बहुतेक जण शहराच्या पूर्व भागातले, विणकरांच्या वस्तीतले असायचे. कुणाचा भाऊ भिवंडीत मागावर, कुणाची लेक हैदराबादला दिलेली.

त्या रांगेतली एक विडी कामगार बाई मला अजून डोळ्यांसमोर दिसते. पन्नाशीची, अंगाला तंबाखूचा वास, कमरेला बटवा. नंबर लागला की डाव्या हाताची मूठ आवळायची आणि आत जायची. एक विषय बोलून झाला की एक बोट उघडायची. पोराची तब्येत, एक बोट. पैसे पोचले का, दुसरं बोट. लग्नाची बोलणी, तिसरं. सगळा पंजा उघडला की समोरचा बोलत असला तरी "ठेवते" म्हणून ठेवायची. मीटरचे आकडे तिला वाचता येत होते की नाही, मला माहीत नाही. पण पाच विषयांत आपला पैसा संपतो हा हिशेब तिने पक्का बसवला होता. आम्हाला प्रशिक्षणात ठरावीक जागेत जास्तीत जास्त माहिती कशी बसवायची ते शिकवलं होतं. ते शास्त्र वापरात कसं दिसतं ते मी त्या मुठीत पाहिलं.

तारेचंही तसंच होतं. शब्दामागे पैसे, म्हणून 'मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली' एवढ्यावर घरं हादरायची. माझ्या आजोबांच्या काळी दारात तारवाला दिसला की बायका आधी रडायला लागायच्या, तार नंतर फोडली जायची. आपल्याकडे तार 2013 च्या जुलैत बंद झाली. शेवटच्या दिवशी लोकांनी आठवण म्हणून तारा केल्या. पण तिचं काम फोनने आणि मेसेजने कितीतरी आधीच काढून घेतलेलं होतं.

मधल्या माणसाची अडचण समजायची असेल तर ट्रंक कॉल, म्हणजे ऑपरेटरमार्फत लावायचा बाहेरगावचा फोन, आठवावा लागेल. तुझ्या आजी-आजोबांना विचार. नंबर बुक करायचा, तासन् तास थांबायचं, लाइन लागली की तीन मिनिटांचा हिशेब, मध्येच ऑपरेटरचा आवाज. ऑपरेटर बहुतेक चांगलेच असत, त्यांनी अडल्यानडल्यांची खूप कामं केली आहेत. तरी पण तिसरा कान तो तिसरा कानच. अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये अल्मन स्ट्रोजर नावाचा अंत्यविधीचं सामान पुरवणारा एक व्यावसायिक होता. आपल्याला येणारे फोन ऑपरेटर मुद्दाम प्रतिस्पर्ध्याकडे वळवते अशी त्याची खात्री झाली. तो काही इंजिनिअर नव्हता. पण ऑपरेटरशिवाय फोन लागलाच पाहिजे या एका हट्टापायी त्याने आपोआप नंबर जोडणारं यंत्र आखलं. त्याचं पेटंट 1891 चं, आणि 1892 मध्ये इंडियाना राज्यात ला पोर्ट इथे त्या पद्धतीचं पहिलं एक्स्चेंज सुरू झालं. डायल फिरवली की स्विच आधी वर चढतो, मग आडवा फिरतो, खट खट खट. प्रशिक्षणात तो स्विच पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्याची गोष्ट कुणी सांगितली नव्हती. ती कळल्यावर त्या यंत्राकडे बघायची माझी नजर बदलली. जगभर कोट्यवधी लोकांनी पुढे जे वापरलं, ते एका माणसाच्या धंद्यातल्या अविश्वासातून निघालं होतं.

मधल्याला कळू नये ही गरज आपल्याकडेही जुनीच. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना पोचली ती सावकारी पत्रातून, दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्द्याची गणती नाही अशा भाषेत. वाटेत पत्र कुणी फोडलं असतं तरी त्याला तो व्यापाराचा तोटा वाटला असता. आज तुझ्या फोनवरचे मेसेज कुलूपबंद होऊन जातात त्यामागे गणित फार मोठं आहे, पण अडचण तीच आहे.

आता मिसकॉल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तुझ्या प्रश्नाचं याहून स्वच्छ उत्तर मला दुसरं माहीत नाही.

भारतात मोबाईलवरचा पहिला कॉल 31 जुलै 1995 ला कोलकात्याहून दिल्लीला झाला. तेव्हा मिनिटाला 16 रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. इनकमिंग फुकट झालं ते 2003 च्या मे महिन्यापासून. त्या आधीपासूनच लोकांनी एक फट शोधून ठेवली होती. फोन वाजतो, पण उचलला नाही तर पैसे लागत नाहीत. माझ्या ओळखीचा एक टेम्पोवाला पुण्याहून माल भरून यायचा. टेंभुर्णी सोडली की मालकाला एक रिंग, मोहोळला आला की दोन रिंगा. दोन रिंगा आल्या की मालक हमालांना बोलवायचा. एक पैसा न देता त्याने गाडीचा ठावठिकाणा कळवण्याची पद्धत उभी केली होती.

हे का जमतं ते तांत्रिक अंगाने नीट समजून घे, तोंडी परीक्षेतही उपयोगी पडेल. तू नंबर लावतेस तेव्हा दोन वेगळी कामं होतात. पहिलं म्हणजे सिग्नलिंग. कोण बोलावतंय, कुणाला बोलावतंय, तो कुठे आहे, मोकळा आहे का, ही सगळी विचारपूस यंत्रणा आपापसांत करते. दुसरं काम म्हणजे आवाजासाठी वाट उघडणं. पैशांचा काटा सुरू होतो तो समोरच्याने फोन उचलल्यावर. पण 'कोण' आणि 'केव्हा' ही माहिती त्याआधीच समोरच्या पडद्यावर पोचलेली असते. लोकांना सिग्नलिंग हा शब्दही माहीत नव्हता. तरी त्यांनी यंत्रणेचा नेमका तो तुकडा वेगळा काढून वापरला.

सुरुवातीला फोन कंपन्यांना याचा ताप वाटायचा. यंत्रणेवर भार पडतो आणि हाती काही येत नाही. मग धंदा करणाऱ्यांच्या लक्षात आलं की ही गर्दी म्हणजेच बाजार आहे. बँकांनी नंबर दिले, मिसकॉल द्या आणि शिल्लक मेसेजवर बघा. बेंगळुरूमध्ये 2010 साली झिपडायल नावाची कंपनी याच एका सवयीवर उभी राहिली आणि 2015 मध्ये ट्विटरने ती विकत घेतली. केनियात लोक एकमेकांना बोलण्याचा टॉकटाइम पाठवून त्याचा पैशासारखा वापर करायला लागले होते. त्यांचा देशच तसा, बँका दूर आणि पोरं शहरात. 2007 मध्ये तिथे एम-पेसा आलं, फोनवरून पैसे पाठवायची सोय, आणि त्याने देशाचा व्यवहार बदलला. यातल्या कुठल्याही ठिकाणी लोकांना 'तुमची गरज काय' असा फॉर्म भरायला दिला असता, तर त्यांनी फोन स्वस्त करा एवढंच लिहिलं असतं.

आता सोलापूरची स्वतःची गोष्ट. आपल्या शहरात घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी असं सर्रास चालतं. पूर्व भागातली माझ्या पिढीतली पद्मशाली माणसं घरी पूर्ण तेलुगू बोलतात, पण त्यातल्या कित्येकांना तेलुगू लिपी येत नाही, कारण शिक्षण मराठीत झालं. मग तेलंगणातल्या मामाला मेसेज करायचा कसा? मराठीत लिहिलं तर त्याला कळत नाही, तेलुगूत लिहिता येत नाही. काही जण देवनागरीत तेलुगू लिहायचे, काही रोमन लिपीत, आणि दोन्हीकडे वाचणाऱ्याची दमछाक व्हायची. 2013 मध्ये व्हॉट्सॲपवर बटण दाबून बोलायची सोय आली आणि हा गुंता एका दिवसात सुटला. माझ्या शेजारच्या सत्तरीच्या आजोबांनी आयुष्यात एक एसएमएस टाइप केला नाही, पण ते रोज सकाळी करीमनगरला तीन मिनिटांच्या गप्पांची व्हॉइस नोट पाठवतात. लिपी मध्ये येतच नाही. ज्याने ही सोय आखली त्याच्या डोक्यात सोलापूरचा पूर्व भाग असेल असं मला वाटत नाही. टाइप करणं कंटाळवाणं किंवा अवघड जातं अशी साधी अडचण त्याच्यासमोर असणार. पण बोली येते आणि लिपी येत नाही अशी माणसं जगात किती आहेत, हे ती सोय आल्यावर दिसलं.

व्हॉट्सॲपचं मूळही ध्यानात ठेव. 2009 मध्ये यान कौमने ते काढलं तेव्हा ते मेसेज पाठवायचं साधन नव्हतंच. तुमच्या नावापुढे 'कामात आहे', 'बॅटरी संपतेय' असं स्टेटस लावायचं, एवढाच हेतू. मग स्टेटस बदललं की मित्रांना सूचना जायला लागली आणि लोक स्टेटस बदलून बदलून एकमेकांना उत्तरं द्यायला लागले. म्हणजे आपल्या टेम्पोवाल्यासारखीच आडवाट. तिथे रस्ता बांधला आणि आज सगळी दुनिया त्या रस्त्यावर आहे.

यंत्रमागाच्या कारखान्यात कधी उभी राहिली आहेस का? नसशील तर जाऊन ये. धोटा इकडून तिकडे आपटतो, शेजारी उभ्या माणसाशीही खुणेने बोलावं लागतं. तिथल्या कामगारासाठी फोनची रिंग म्हणजे शून्य. त्यामुळे फोन शर्टाच्या वरच्या खिशात, छातीला थरथर लागेल असा. आणि मालाविषयीचं बोलणं सगळं फोटोवर. कापडात दोष आला, रंग उतरला, की फोटो काढून मालकाला. दोन तासांनी जेवणाच्या सुट्टीत उत्तर बघायचं. एकाच वेळी दोघांनी मोकळं असायला हवं ही फोनची अट तिथे चालतच नाही. इंजिनिअर लोक 'स्टोअर अँड फॉरवर्ड' म्हणतात ती पद्धत, साठवून मग पुढे पाठवायची. पोस्टाचं पत्र याच जातीचं होतं. आता तू म्हणशील आपण मागे गेलो. तसं नाही. ज्याला वेळ जुळवता येत नाही त्याला पत्रच हवं असतं, फक्त ते क्षणात पोचणारं.

मागाचा विषय निघालाच आहे तर एक सांगून पुढे जातो. आपल्या चादरीवरची नक्षी जॅकार्डवर उतरते. पुठ्ठ्याच्या पट्टीला छिद्रं पाडलेली असतात, छिद्र आहे तिथला धागा उचलला जातो, नाही तिथला खालीच राहतो. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डने 1804 च्या सुमारास ते यंत्र आणलं. आहे आणि नाही, या दोन खुणांत नक्षीची सगळी माहिती भरून एका माणसाच्या डोक्यातलं चित्र दुसऱ्याच्या मागावर पाठवायचं. पुढे छिद्रांच्या पट्ट्या तारायंत्रातही वापरल्या गेल्या आणि संगणकातही. तुमच्या पहिल्या वर्षाला बायनरी शिकवतात, तेव्हा मुलांना साखर पेठेतल्या एखाद्या जुन्या कारखान्यात नेऊन ती पट्टी दाखवायला हवी असं मला फार वाटतं.

सगळ्यात अवघड अडचण कोणती विचारशील तर मी सांगेन, चालत्या माणसाचा पत्ता. घराला पत्ता देणंही सोपं नव्हतं. आपल्याच जिल्ह्यात आणि शेजारी बोरगाव, वडगाव, पिंपळगाव नावाची गावं किती आहेत मोजून बघ. त्यात पत्ता कुणी मोडीत, कुणी कन्नडमध्ये, कुणी इंग्रजीत लिहिलेला. पोस्टात पत्रं वेगळी करणाऱ्याने काय करायचं? श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे जाणते कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी. त्यांनी सहा आकड्यांचा पिनकोड आखला आणि 15 ऑगस्ट 1972 पासून तो लागू झाला. 413001 म्हटलं की लिपी कुठलीही असो, थैली सोलापूरच्याच मुख्य टपाल कार्यालयात येते.

पण माणूसच चालत असेल तर? आषाढीच्या आधी पंढरपूरजवळ वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात तेव्हा आम्ही तिथे तात्पुरते फोन लावायचो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एकदा करमाळ्याकडचा एक मुलगा धावत आला. घरी वाईट घडलं होतं आणि आजी वारीत होती. लाखो माणसं, सगळ्या नऊवारीतल्या आज्या, कुठे शोधणार? मी हताश झालो होतो. शेजारच्या चहावाल्याने त्याला एकच विचारलं, "दिंडी नंबर काय? रथाफुडं का रथामागं?" मुलाला ते पाठ होतं. कारण घरातून निघताना आजी ते सांगूनच निघाली होती. अर्ध्या-पाऊण तासात ती सापडली.

त्या रात्री मला ते नीट उमगलं. त्या आजीला ठिकाणाचा पत्ता नव्हता, पण क्रमाचा पत्ता होता. पालखी आज कुठे मुक्कामी आहे हे सगळ्यांना ठाऊक, पालखीत दिंडीची जागा ठरलेली, दिंडीत माणसं एकमेकांना ओळखणारी. तीन पायऱ्यांत चालता माणूस सापडतो. मोबाईलची यंत्रणा हेच करते. तू बोलत नसलीस तरी तुझा फोन एका भागातून दुसऱ्या भागात गेला की टॉवरमार्फत नोंद पाठवतो, मी आता इथे आहे. ती नोंद एका मोठ्या वहीत राहते. कुणी तुला फोन लावला की आधी वही बघायची, मग त्या भागातल्या सगळ्या टॉवरनी तुझ्या नावाने हाक मारायची आणि तुझ्या फोनने ओ द्यायची. 'मोबाईल' या शब्दाचा सगळा अर्थ या वहीत आहे. वारकऱ्यांनी ही अडचण शिस्तीने सोडवली होती, अभियंत्यांनी नोंदवहीने.

वाखरीचाच आणखी एक धडा. गर्दीत फोन लागत नाही पण एसएमएस जातो, हे तू पाहिलं असशील. कारण एसएमएस आवाजाच्या वाटेने जात नाही, तो सिग्नलिंगच्या वाटेवर उरलेल्या जागेतून जातो. जागा थोडी, म्हणून 160 अक्षरांची मर्यादा. ती मर्यादा ठरवताना 1985 मध्ये जर्मनीच्या फ्रीडहेल्म हिलेब्रँडने टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं लिहून अक्षरं मोजली आणि लोक पोस्टकार्डावर किती लिहितात तेही पाहिलं. माणसाचं म्हणणं एवढ्यात बसतं, असं त्याने ठरवलं. मला या पोस्टकार्डाचा फार आनंद वाटतो. आपल्याकडे पाव आण्याचं पोस्टकार्ड 1 जुलै 1879 ला आलं होतं. माझ्या आईने आयुष्यभर माहेरी पोस्टकार्डंच लिहिली, आणि शेवटची ओळ कायम कडेने आडवी.

तुझ्या प्रश्नाची दुसरी बाजू आता. आधी वस्तू येते आणि मग गरज, हे घडतं का? घडतं. पण वस्तू कुणाच्या खऱ्या अडचणीला जाऊन भिडली नाही तर पैसा ओतूनही ती टिकत नाही. अमेरिकेत एटी अँड टीने 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात चेहरा दाखवणारा पिक्चरफोन मांडला आणि 1970 मध्ये पिट्सबर्गमध्ये सेवा सुरू केली, महिना 160 डॉलर. गिऱ्हाईकच मिळेना. ऑफिसातल्या माणसाला समोरच्याचा चेहरा बघण्यासाठी एवढे पैसे मोजावेत असं काही अडलेलं नव्हतं. तीच गोष्ट 2020 च्या टाळेबंदीत बघ. पुण्यात अडकलेल्या मुलाचा चेहरा बघितल्याशिवाय जेवण न जाणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. इरिडियम या उपग्रहावरून चालणाऱ्या फोनचंही तसंच. 66 उपग्रह, सुमारे 5 अब्ज डॉलर खर्च, 1998 च्या नोव्हेंबरात सेवा सुरू आणि 1999 च्या ऑगस्टमध्ये दिवाळखोरी. विटेएवढा फोन, तो उघड्या आकाशाखालीच चालायचा, आणि ज्या शहरी व्यापाऱ्यांना तो विकायचा होता त्यांच्या खिशात तोवर साधा मोबाईल आलेला. पुढे तीच यंत्रणा जहाजांना, सैन्याला, गिर्यारोहकांना उपयोगी पडली, कारण त्यांच्याकडे दुसरा इलाजच नव्हता.

एखाद्याची गरज भागवताना दुसऱ्याचं दार बंद होतं, हेही तुझ्या प्रोजेक्टमध्ये यायला हवं. अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या आईला फारसं ऐकू येत नसे, पत्नी मेबलला लहानपणापासून अजिबात ऐकू येत नव्हतं, आणि तो स्वतः कर्णबधिर मुलांना शिकवायचा. आवाजाचा त्याचा अभ्यास तिथून आला. 1876 मध्ये त्याने फोन दिला, आणि त्याच फोनने कर्णबधिरांना बाहेर ठेवलं. 1964 मध्ये रॉबर्ट वाइटब्रेक्ट या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने जुनी टेलिप्रिंटर यंत्रं (टाइप केलेला मजकूर तारेवरून पाठवणारी) साध्या फोनला जोडायची युक्ती काढली, तेव्हा ते एकमेकांशी फोनवरून लिहून बोलू लागले. तोवर 88 वर्षं गेली होती. आता सात रस्त्याजवळच्या एका चहाच्या टपरीवर संध्याकाळी चार-पाच कर्णबधिर मुलं जमतात. त्यांच्यातला एक फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करतो, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात, आणि व्हिडिओ कॉलवर खुणांनी गप्पा चालतात. तो साखरेचा डबा नीट बघ. फोन उभा ठेवण्याची साधी सोय फोनलाच का नसावी?

आपल्या देशात मला सगळ्यात अभिमान वाटतो तो सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेच्या ग्रामीण एक्स्चेंजचा. 1984 मध्ये संस्था स्थापन झाली, आणि त्यांचं 128 लाइनींचं छोटं एक्स्चेंज 1986 मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. परदेशी एक्स्चेंजना थंडगार खोली लागायची. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40 च्या वर, धूळ, आणि वीज येणार-जाणार. एसीशिवाय चालेल असं यंत्र बांधायचं, ही अट गावाने घातली होती. तशा एका एक्स्चेंजवर मी मे महिन्यात काम केलं आहे. पत्र्याची खोली, घामाने हातातून स्क्रूड्रायव्हर निसटतोय, आणि यंत्र आपलं चालू.

आता प्रोजेक्टचं. प्रश्नावली घेऊन फिरू नकोस. 'तुम्हाला काय हवं' विचारलं की लोक तुला बरं वाटेल ते सांगतात. ते काय करतात ते बघ. मला स्वतःला सध्या सतावणारी एक जागा सांगतो, हवी तर तिथून सुरुवात कर.

कुंभारीच्या विडी घरकुलात एका गल्लीतल्या बऱ्याच बायकांना वाचता येत नाही. आकडे कळतात, मजकूर नाही. बँकेचं काम करणारा मुलगा दारात येतो, मशीन लावतो. विड्या वळून वळून बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे अंगठा बऱ्याचदा लागत नाही. मग फोनवर ओटीपी येतो. तो कशाचा आहे, पैसे येणार आहेत की जाणार आहेत, हे त्या मजकुरात असतं आणि तेच त्यांना कळत नाही. परक्याला आकडा सांगायचा नाही, एवढं मात्र सगळ्यांना पक्कं माहीत आहे. त्यांनी काढलेला मार्ग असा: गल्लीत सातवीतली एक मुलगी आहे, ती वाचून तेलुगूत सांगते. ती शाळेतून आल्याशिवाय कुणी व्यवहार करत नाही, आणि बँकेच्या मुलानेही आता आपली फेरी त्या वेळेला बांधून घेतली आहे. दुकानदारांसाठी पैसे जमा झाल्याचं मोठ्याने सांगणारा डबा येऊन काही वर्षं झाली. या बायकांच्या फोनने त्यांच्या भाषेत 'पैसे जाणार आहेत' एवढं बोलावं, अशी सोय मी त्या गल्लीत अजून पाहिलेली नाही.

संध्याकाळी साडेपाचनंतर जा. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा ती दुपारी बारालाच घरी येते.